कार्याचे स्वरूप

उद्या सत्कार. चाळीस प्रशस्तिपत्रं.
अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडं.
नाव, मुक्काम, आणि खाली छापलेलं
'कार्याचे स्वरूप' –
पुढं दोन बोटं जागा.

दुपारपर्यंत एकोणचाळीस उरकली.
घरोघर सर्वेक्षण. लसीकरणास साहाय्य.
पुराच्या वेळी बोटीतून औषधवाटप,
(आंबेवाडीच्या दोघी जावा, एकीचं नाव मी चुकवलं,
कोरा कागद पुन्हा मागून आणला.)
शब्द ठरलेले असतात, हात चालतो,
एकाची शाई वाळेपर्यंत दुसऱ्याचं नाव.

चाळिसावं :
श्री. रंगराव दत्तू सातपुते, सुभाषनगर.

यादीत त्यांच्यापुढं 'औषधोपचारास साहाय्य' असं टाईप केलंय.
जागेत बसतं. बरोब्बर बसतं.
तरी पेन टेकवत नाही.

बावीस वर्षांचा होतो मी,
बहिणीची सोयरीक ठरत आलेली,
आणि बेडक्याच्या तपासणीत आजार सापडला.
सिस्टर म्हणाल्या, सहा महिने, दिवसाआड गोळ्या,
आणि कुणासमोर तरी गिळायच्या.
आमच्या गल्लीत नको, एवढंच म्हटलं मी.
त्यांनी लांबचं दुकान काढून दिलं.

कातड्याचा ओला वास, पाण्याचं घमेलं,
भिंतीशी खोक्यांची चळत,
त्यातल्या सात नंबरच्या खोक्यात माझ्या नावाची पेटी,
नाव आतल्या बाजूला वळवून ठेवलेलं.
"कुणी इचारलं तर चप्पल टाकलीया म्हणायचं."
याहून जास्त काही बोलले नाहीत त्या दिवशी.

मग मी चप्पल टाकत राहिलो.
सोमवार, बुधवार, शुक्रवार, तीच एक जोडी.
खोटं नको म्हणून ते दर खेपेला
एक टाका खरोखरच घालायचे,
सुताला मेण चोळून, मान खाली घालून.
पण आधी माझा घसा वरखाली झालेला बघायचे,
मगच आरी उचलायचे.

तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन भरलं,
आणि मी शहाणा झालो.
दोन खेपा चुकवल्या.
भर गल्लीत सायकल स्टँडवर लावून
पानपट्टीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले,
"ओ पावणं, चप्पल झालीया,
न्यायची हाय, का इकून टाकू?"
आई म्हणाली, उधारी ठेवलीस की काय रे त्यांची?
दुकानात गेल्यावर रागावतील वाटलं.
तांब्या पुढं केला.
"दोन टाकं सुटलं की पट्टा सुटतोय, म्हाईत हाय न्हवं?"
आणि कामाला लागले.

शेवटची गोळी झाली, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी
त्यांच्या मानधनाचे थोडे पैसे आले.
ते घेऊन मला सायकलवर डबलसीट
गंगावेशीच्या कट्ट्यावर नेलं.
म्हशीची धार थेट पेल्यात.
मी मिशीवरचा फेस पुसायला गेलो तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे की. बरा दिसतोयस."

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही.
बहिणीलाही नाही, तिचा थोरला आता दहावीला.
या दोन बोटांत खरं लिहायचं
तर आधी माझंच नाव लिहावं लागेल,
आणि ते त्यांनी
सहा महिने आतल्या बाजूला वळवून ठेवलं होतं.

साहेब दारातून विचारतात, झालं का रे?
झालं, म्हणतो.
'औषधोपचारास साहाय्य.' ठळक, सुवाच्य.

मग कागद उलटा करतो.
फ्रेमच्या पुठ्ठ्यामागं जाईल, कुणी बघणार नाही,
अशा कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितो :
अठ्ठ्याहत्तर टाके.
त्यातले दोन उशिरा.